ताप आला तर कोण बघणार

करोनाची लस मी घेतली ती कळमनुरीच्या घरमालकीण चाचींमुळे. हे आधीच सांगतो, नाहीतर मी आपल्या शहाणपणाने गेलो असं कुणाला वाटायचं.

माझं गाव सांगलीकडचं. सातवीत शाळा सुटली आणि हळद पॉलिश करायच्या मशीनवर हात बसला. हंगामात मशीन घेऊन आम्ही तिघं हिंगोलीकडं यायचो, चाचींच्या मागच्या खोलीत राहायचो. करोनाच्या दुसऱ्या वर्षी दोघे सोबती भिऊन गावी परतले. मशीन राखायला मी एकटा उरलो.

ड्रम फिरायला लागला की मी नाकावर गमछा आवळायचो. मशीन थांबून चहाला माणसं गोळा झाली की गमछा गळ्यात. चाचींनी एकदा ते पाहिलं.

"हळदीच्या धुळीला भेतो अन् माणसाला न्हाई व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण गमछा वर गेला.

लशीचं मात्र जमेना. 'लस घ्या, लस घ्या' म्हणत गाडीवरचा भोंगा रोज गल्लीतून ओरडत जायचा. लोक म्हणायचे, हा मरणाला भितो. तसं नव्हतं. सुई घेतल्यावर ताप येतो असं ऐकलं होतं, आणि परक्या गावात दोन दिवस अंथरुणात पडलो तर मला कोण बघणार, ही धास्ती होती. चाचींना मी 'उद्या जातो' म्हणत राहिलो. चार-पाच वेळा तो उद्या टळला.

शेवटी त्या ओट्यावर माझ्यासमोर बसल्या. "काहून टाळून राहिला, बाबा? खरं सांग."

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हाय ना. माझी बी राहिलीच हाय, संगंच जाऊ. तू फक्त दाराला कडी लावू नको."

सरकारी दवाखान्यात आधी त्यांनी दंड पुढं केला, मग मी. संध्याकाळी मला ताप भरला. पण त्यांनाही भरला होता. तरी भिंत धरत धरत आल्या, पेजेचं पातेलं खाटेजवळ टेकवलं आणि स्वतःच खाली बसल्या.

"चाची, तुमी काहून उठल्या?"

"बोलले होते ना. खा आता, मला बी वाढ."

आता त्यांचे गुडघे धरलेत. लेक सासरी, घरात त्या एकट्या. कधी त्या अंथरुणाला खिळल्या तर फोन आल्याबरोबर मी निघणार आहे, हंगाम असो नसो. बायकोलाही तसं सांगून ठेवलंय.