फारूखभाईंच्या दुकानात काळी चार

शहागंजातल्या फारूखभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाची चूक कधीच नसते. गाणारा बेसूर झाला की पेटीत दमट हवा शिरलेली असते. तबल्यावर हात चुकला की शाई बिघडलेली असते. माझे यजमान निवृत्तीनंतर पेटी शिकू लागले. त्यांचा सूर शेवटपर्यंत लागला नाही, पण फारूखभाई दर पावसाळ्यानंतर ती पेटी उघडत, पुसत आणि "अब देखो साहब, कैसी बोलती है" म्हणून परत देत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवणाऱ्या सिस्टर सूर चुकला की बोटांवर फूटपट्टी मारायच्या. दोन्ही पद्धतींनी आमच्या घरात संगीत काही आलं नाही.

फारूखभाई आता साठीच्या पुढे आहेत. वडील ढोलक्या मढवत. यांनी दुकान वाढवलं. दर्शनी भागात कॉलेजच्या मुलांसाठी गिटार टांगलेल्या, मधे ढोलक्या आणि ताशे, आणि अगदी आत, धूळ कमी तिथं, पेट्या. स्वतः ते कधी गुणगुणतानासुद्धा मी ऐकलं नाही.

मागच्या मार्चमध्ये पेटीचा एक अडकलेला सूर मोकळा करून घ्यायला मी आतल्या स्टुलावर बसले होते. तेवढ्यात फुलंब्रीकडच्या एका गावचं भजनी मंडळ जीपमधून उतरलं. त्यांच्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. तिकडची रीत अशी की पेटी एकट्यानं पसंत करायची नाही. सगळ्या मंडळानं दुकानात बसायचं, एक पद पुरतं म्हणायचं, मग ठरवायचं. फारूखभाई त्यासाठी सतरंजी ठेवूनच असतात.

"आमच्यात काळी चारच लागती, चाचा," पेटीवर बसलेला तरुण सुदर्शन म्हणाला. काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी. तिथून गायचं तर गळा फार वर न्यावा लागतो. मंडळाचा जुना नियम होता: गाणारा बदलेल, काळी चार बदलणार नाही. ज्याला ती पेलत नाही त्यानं पुढची जागा सोडायची. पुढच्या जागेवर होते साहेबराव, सुदर्शनचे सख्खे काका. अलीकडे वर जाताना त्यांचा आवाज फाटू लागला होता.

"काका, पेटी नवी घेतोय," सुदर्शन म्हणाला. "आता उंदराच्या नावावर खपायचं नाय."

"तू वाजव आधी. तुझ्यापरीस उंदीर बरे होते."

पहिल्या पेटीवर साहेबरावांनी पद धरलं. धृपदाची ओळ निभावली. कडव्यात वर चढताना आवाज चिरकला. सुदर्शननं भाता थांबवला आणि इतरांकडे पाहिलं.

"ही पेटीच कच्ची आहे," फारूखभाई लगेच म्हणाले. "रुको, दुसरी देतो."

आत येऊन त्यांनी एक पेटी काढली. तिची पट्ट्यांची सगळी पाटी उचलून बाजूला सरकवता येत होती. माझ्यासमोरच त्यांनी ती एक घर सरकवली. आता बोट काळी चारवरच पडणार होतं, पण निघणारा सूर एक घर खालचा होता. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी उचलली.

बाहेर जाऊन ते म्हणाले, "मृदंगही इथलाच घ्या. कशाला आपला गोधडीतून काढता?"

मांडीवरच्या मृदंगाची गोधडी सोडत रामकिसन म्हणाला, "दुसऱ्याच्या मिरदंगाला मी हात लावत नसतो, चाचा. सासरा सांगंल तरी नाय."

सुदर्शननं सूर दिला. रामकिसननं एक थाप मारली. दोन्ही सूर एकमेकांवर घासले, ते मलाही कळलं. रामकिसननं कान जवळ नेऊन पुन्हा थाप मारली. सुदर्शनचं बोट पाहिलं. ते काळी चारवरच होतं. मग फारूखभाईंकडे पाहिलं. ते गिटार पुसत होते. शेवटी साहेबरावांकडे.

"मिरदंग चढलाय," तो म्हणाला. "उन्हात होता ना जीपमधी." आणि हातोडी घेऊन त्यानं सूर उतरवला.

"आवरा लवकर, रामकिसनतात्या," सुदर्शन म्हणाला.

साहेबराव गायले. कडव्यात आवाज वर गेला आणि तिथं राहिला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. पद संपल्यावर सुदर्शन म्हणाला, "बरं लागलं."

"देखा? पेटीचाच दोष होता," फारूखभाई म्हणाले.

साहेबराव पाणी प्यायले. "गायला लई मजा आली, फारूखभाई. आता पाटी होती तिथं सरकवा."

"कौनसी पाटी?"

"तुम्ही सरकवलेली. अहो, ह्या रामकिसनचा मिरदंग कधी उन्हात राहील व्हय? पोरावाणी मांडीवर घेऊन आलाय गावापासनं."

रामकिसननं मान खाली घातली. सुदर्शन आपल्या बोटाकडे बघत राहिला.

"रहने दो ना, साहेबराव," फारूखभाई हळू म्हणाले. "एका घराचा फरक. किसको मालूम पडता?"

"मला पडला की. ह्याच पट्टीपायी माझ्या चुलत्यानं ही जागा मला सोडली. त्याच्या माघारी मीच ती खाली वढू?"

फारूखभाईंनी पाटी जागेवर आणली. रामकिसननं मृदंग पुन्हा चढवला. साहेबराव उठले, मागच्या रांगेत टाळ घेऊन बसले.

"काका, आजच्या दिवस तुम्हीच…" सुदर्शन म्हणाला.

"म्हण आता. लई दिवस थांबलास."

सुदर्शन गायला. सूर वर नेमका लागला, पण शब्द एकमेकांवर पडत होते. मागून साहेबरावांचा टाळ सावकाश, जड पडू लागला. सुदर्शन पुढे धावला, अडखळला, थांबला.

"उंच जातोस, झ्याक जातोस," साहेबराव म्हणाले. "पण पळतोस कशापायी? एसटी सुटाया लागली का?"

मंडळ हसलं. फारूखभाई सवयीनं पेटीला दोष द्यायला पुढे झाले. पेटीवर हात ठेवला, मग तो काढून पुन्हा गिटार पुसू लागले. सुदर्शननं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी टाळाची वाट बघत.