एका रेघेवर गावी जाऊ नको

संतपूरच्या औषध दुकानातल्या अक्कांनी माझी लेक सांभाळली. त्यांनी तिला कधी पाहिलं नाही, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नाही.

सुगीत मळणीच्या मशीनवर मी जालन्याहून सीमेपलीकडं संतपूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लेकीच्या बारशाला निघायचं, आणि अंगात ताप, घशात काटे. आम्ही पाच जण एकाच परातीत जेवायचो. त्यातल्या एकाला आधीच कोरोना निघालेला.

घरी करायची चाचणी घेतली, पण सातवीत शाळा सोडलेली, कागदावरचं इंग्रजी वाचता येईना. दुकानाच्या पायरीवरच बसलो. अक्का नाकाला पदर लावून काउंटरमागून सांगत होत्या. कपाळावर विभूती, नजर घड्याळावर. मी थेंब टाकले ते त्यांनी कन्नडमध्ये मोजले, “ओंदु, एरडु, मूरु.”

पंधरा मिनिटांनी एकच रेघ दिसली. मी पिशवी उचलली.

“कुठं निघालास?”

“बारशाला, अक्का. निगेटिव्ह आलं की.”

“ताप गेला का?”

“न्हाई.”

“मग कामून जायलास? ही रेघ आजची हाय, उद्याची न्हाई. दोन दिवसांनी दुसरी चाचणी कर. लेकरू म्हणायलंय का, उद्याच नाव ठेवा म्हणून?”

मी शेतातल्या खोपीत एकटा राहिलो. बायको फोनवर बोलेना. तिसऱ्या दिवशी दोन रेघा आल्या. गेलो असतो तर लेक माझ्या मांडीवर असती.

पुढच्या सुगीला पहिली रास अक्कांच्या शेतातली काढीन, पैसे न घेता. त्यांचं शेत आहे का, कुठं आहे, ते विचारून घेईन.