गालावरची रेघ

संग्रहालयाच्या तळघरात काम करणाऱ्या त्या बाईला सगळे सुईबाई म्हणत. दगडात अडकलेली हाडं सुईने कण कण दगड उडवून मोकळी करायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. पायाला कायम भिंगरी, हात मात्र शांत. अलीकडे तोही शांत राहिला नव्हता. चहाचा कप बशीवर वाजायला लागला होता.

त्या आठवड्यात तिच्यापुढे एक कवटी आली. सरपटणारे प्राणी बेडकांच्या गोतावळ्यातून नुकते कुठे वेगळे होत होते, त्या काळातली. जबडा सरड्याच्या घराण्यातला, कानामागची खाच मात्र थेट बेडकाची. धड ना इकडचा, ना तिकडचा. संग्रहालयाच्या साहेबांनी त्या प्राण्याला सरपटणाऱ्यांत बसवूनही टाकलं होतं.

आणि डाव्या डोळ्याखाली तिला एक बारीक रेघ दिसली. बेडकांच्या गोतातल्या, पाण्यात राहणाऱ्यांच्या कवटीवर असे चर असतात, पाण्याची हालचाल त्यांना त्यातून कळते. पण सुई घसरली तरी रेघ अशीच उठते. मग ही प्राण्याची, की आपल्या हाताची? हाताची असेल तर काम संपलं. घरी बसून काय, भिंती बघायच्या?

तिला जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना. भिंगातून बघायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"वहिनी, तुमच्या येरझाऱ्यांनी माझ्या टेबलावरचे बारके दात हलतायत," शेजारून नणंद म्हणाली. तिला या कामाला सुईबाईनेच लावलं होतं, आणि पस्तावतही तीच होती.

"उजवा गाल अजून दगडात आहे," सुईबाई म्हणाली. "रेघ प्राण्याची असेल तर तिकडेही निघेल. पण मी नाही काढणार. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही. तू काढ."

नणंदेने सुई उचलली. ती दुपारभर दगड उडवत बसली आणि सुईबाई तिच्या पाठीशी उभी राहून हातातलं फडकं पिळत राहिली.

"वहिनी, बघा."

उजव्या डोळ्याखाली तीच रेघ होती. तशीच वळलेली, अजून दगडाने भरलेली.

सुईबाईला रडूच फुटलं. "माझी नाही गं! बघ, माझी नाही!" आता हा प्राणी सरपटणाऱ्यांत बसत नसेल, तर ते साहेब बघतील.

नणंदेने हसत सुई पुढे केली. सुईबाई ती घेऊन कवटीवर वाकली. टोक थरथरत राहिलं, काही केल्या टेकेना. नणंदेचा हात दुपारभरात एकदाही हलला नव्हता, हे तिने पाहिलं होतं.

तिने सुई परत नणंदेच्या हातात दिली.

"ही रेघ माझी नव्हती," ती म्हणाली. "पुढची होईल. उरलेलं तूच कर."

आणि ती पुन्हा खिडकीशी गेली.