रोमच्या गल्लीतला गार दगड

देव मोठा की डॉक्टर मोठा, यावरून आमच्या घरात रोज सकाळी भांडण व्हायचं. भांडायचे मी एकटीच. समोर माझ्या सासूबाई असायच्या, ज्यांना मी आत्या म्हणायचे. महादेवाच्या पिंडीवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. पिंड म्हणजे मुठीत मावेल एवढा काळा गुळगुळीत दगड, त्यांच्या आईने भीमाशंकराच्या वाटेवरून उचलून आणलेला. एरवी माझी काही हरकत नव्हती. पण मूत्रपिंडाच्या दुखण्यातून त्या नुकत्याच उठल्या होत्या आणि मंचरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उठल्याबरोबर पाणी, दिवसभर थोडं थोडं पाणी, तहान मारलीत तर पुढचं मला विचारू नका. अवसरीच्या घरी ते निभावून जायचं. मी त्यांच्या आधी उठून तांब्या भरून ठेवायचे. मनातून मात्र मला हा शुद्ध हट्ट वाटायचा. श्रद्धा माझीही होती, पण माझ्या तापट डोक्यापुढे ती बिचारी गप्प बसायची.

हातात मोबाइल नुकते आले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या यांचं मंचरला खतं आणि औषधांचं दुकान. एका कंपनीने विक्री चांगली केली म्हणून दुकानदारांना जोडीने युरोपची सहल दिली. रोम, व्हिएन्ना, पॅरिस. पण महिना जुलैचा, बटाट्याच्या लागवडीचा. हे म्हणाले, दुकान टाकून मी कुठे येतो, तू आईला घेऊन जा. मला वाटलं, आत्या नाहीच म्हणतील. त्या धनगराच्या घरातल्या, लहानपणी आईबापाबरोबर मेंढ्यांमागे हिंडलेल्या. म्हणाल्या, "जाऊ की. मेंढरामागं सारा मुलूख पायानं काढलाय म्या. इमानात तर नुसतं बसायचंय." निघताना यांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, "तिचं पाणी सांभाळ."

पिंड बरोबर न्यायची हे ठरलेलंच होतं. मी म्हटलं, हातातल्या पिशवीत ठेवा. पण गावातल्या एक बाई लेकीकडे परदेशात जाऊन आल्या होत्या, त्यांनी आत्यांच्या कानावर घातलं होतं की विमानतळावर हातातलं सामान आणि पायातल्या चपला एकाच यंत्रातून, एकाच ताटात ठेवून काढतात. देव आणि चपला एका ताटात, हे आत्यांना कसं चालावं. माझ्या नकळत त्यांनी पिंड जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी घातली. मला हे कळलं ते रोमच्या विमानतळावर. सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, सगळ्यांच्या बॅगा आल्या आणि आमची आलीच नाही. आत्या हळूच म्हणाल्या, "म्हादेव त्यातच हाय गं."

सहलीच्या व्यवस्थापकाने तक्रार नोंदवली आणि बॅग उद्यापर्यंत हॉटेलवर येईल म्हणून सांगितलं. खोल्या दुपारनंतर मिळणार होत्या, म्हणून बसने आम्हाला थेट शहर बघायला नेऊन सोडलं. आम्ही दोघी स्वेटर घालून गेलेल्या, युरोप म्हणजे गारठा एवढंच आम्हाला ठाऊक. आणि तिथे ऊन असं की आमच्याकडचा मे महिना बरा. मी बाटली पुढे केली, आत्यांनी मान हलवली. "त्यो पेटीत तहानेला हाय. मी कशी पिऊ?" मी म्हटलं, मनातल्या मनात घाला पाणी. म्हणाल्या, "मनातलं पानी मनालाच पुरतं." मी चिडले, हातापाया पडले, यांची शपथ घातली. त्यांचं एकच, "येईल पेटी." त्यात त्या शहरात जागोजागी लोखंडी नळ, त्यांना चावीच नाही, पाणी आपलं अखंड वाहतंय. एका नळापाशी आत्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बंद करा की कुनीतरी. केवढं पानी चाललंय." मला रडावं की हसावं कळेना.

दुपारी मंडळी व्यवस्थापकाच्या हातातल्या झेंड्यामागे भराभर पुढे गेली आणि आम्ही एका अरुंद गल्लीत मागे राहिलो. आत्यांचं बोलणं जड व्हायला लागलं. मला आधी वाटलं, दमल्या असतील. मग त्या भिंतीला टेकल्या आणि घसरत खाली आल्या. ओठ पांढरे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी बाटली तोंडाला लावली तर तशातही त्यांनी दात घट्ट मिटले. हाताशी पाणी, समोर नळ वाहतोय, आणि माझं माणूस माझ्यासमोर तहानेने चाललंय. मोबाइलला रेंज नाही, भाषा येत नाही, गल्लीत चिटपाखरू नाही. मी मनात म्हणाले, महादेवा, यांचा नेम मोड, माझ्या पदरात पाप घाल, पण यांना पाणी पिऊ दे.

मी मराठीतच आरडाओरडा केला तेव्हा शेजारच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. अंगात फुलाफुलांचा झगा, पायात घरातल्या सपाता, हातात प्लास्टिकची बाटली. आल्या आल्या ती रागवायला लागली. भाषा कळत नव्हती, पण आमच्या आळीतल्या बायका रागावतात अगदी तसंच. लगबगीने तिने नळावर बाटली भरली. आता ही पाजणार म्हणून मी आत्यांचं डोकं वर धरलं. पण दाराशेजारी, गाड्या भिंतीला घासू नयेत म्हणून, गुडघ्याएवढा गोल माथ्याचा दगड रोवलेला होता, उन्हाने रसरसलेला, कबुतरांनी घाण केलेला. त्या बाईने अख्खी बाटली त्या दगडावर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली, वर हाताने चोळून काढला. मला वेडच लागायची पाळी आली. मी ओरडले, "अहो बाई, दगडावर काय पाणी ओतताय, इथं माणूस मरतंय."

माझ्या ओरडण्याने असेल, पाण्याच्या आवाजाने असेल, आत्यांनी डोळे उघडले. दगडाच्या माथ्यावरून पाणी चहूकडून ओघळत होतं. त्या बघतच राहिल्या. मग हात जोडले आणि तेच हात ओंजळ करून माझ्यापुढे धरले. "झालं. दे आता." पाणी ओतताना निम्मं मी त्यांच्या अंगावर सांडलं. म्हातारी दगडावर थाप मारून खुणावत होती, बसा, बसा, गार झालाय. तिने तो आत्यांना बसायलाच गार केला होता. आत्या त्यावर कशा बसतील? त्यांनी वाकून त्यावर कपाळ टेकवलं. ते बघून त्या बाईने आत्यांना हाताला धरून उठवलं आणि आम्हाला आत सावलीत नेलं. संध्याकाळी हॉटेलवर आलेल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, पाणी वेळेत पोटात गेलं म्हणून निभावलं.

मी महादेवाला नेम मोडायला सांगितला होता. त्याने तो पुरा करून घेतला, आणि तेही त्याचं नावही न ऐकलेल्या बाईच्या हातून. योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की त्या क्षणी मी मदत थांबवायला ओरडले होते. बॅग दुसऱ्या दिवशीही आली नाही, पण आत्या निवांत होत्या. व्हिएन्नाला बागेतला एक, पॅरिसला नदीकाठचा एक, सकाळी मिळेल त्या दगडावर पाणी घालायच्या आणि पोटभर प्यायच्या. बस खोळंबायची, दुकानदार मंडळी हसायची. मी विचारलं तर म्हणाल्या, "मेंढरामागं व्हतो तवा आमी देव कुठं संगं न्यायचो? उतरलो तिथला दगड घ्यायचा, पानी घालायचं, तिथंच ठिवून फुडं निघायचं. घर झालं आन मी एकालाच धरून बसले."

श्रावणात बॅग मुंबईला आल्याचा फोन आला, हे जाऊन घेऊन आले. पिंड लुगड्यात जशीच्या तशी. आत्यांनी तिला न्हाऊ घातलं आणि देव्हाऱ्यात न ठेवता ओढ्यावर, जिथे मेंढरं पाण्याला उतरतात, तिथे नेऊन ठेवली. म्हणाल्या, "लई दिस कोंडला व्हता."

आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. पाण्यावाचून नाही, वयाने गेल्या. देव्हाऱ्यातली पिंडीची जागा मी रिकामीच ठेवली आहे. सकाळी तांब्या भरून फाटकाशी जाते, तिथे बस थांबते म्हणून लोकांना बसायला टाकलेला एक दगड आहे, त्यावर पाणी घालते आणि मग पिते. परवा नवीन दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणाला, "वहिनी, दगडावर काय पानी वतताय?" ते रोमच्या गल्लीतलं माझंच वाक्य होतं. मी त्याला म्हटलं, "कुणी बसलं तर गार लागावा म्हणून."