पानावर बसण्यास योग्य

बारा वर्षं जयतीर्थकाकांना कुणी पुरतं जेवताना पाहिलं नाही, आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. मी तर तांबरमच्या शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अन्ननलिका, जठर, आतडी ही आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की अजूनही डोळे मिटून काढीन. पण समोरच्या माणसाच्या गळ्याखाली घास उतरतो की नाही, एवढं पाहायला काही मी शिकले नव्हते.

काका म्हणजे माझ्या अप्पांचे, म्हणजे वडिलांचे, स्नेही. नात्यातले नव्हेत, गोत्रही वेगळं. अप्पांहून बारा वर्षांनी लहान, चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात रजा विभागात कारकून. चेन्नईत आम्हा तंजावरकडच्या मराठी माणसांची घरं विखुरलेली, पण कुणाकडे लग्न-मुंज असली की काका हजर, वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून, हातात सांबाराची बादली. कुणाला तूप जास्त लागतं, कुणाचा मधुमेह असूनही पायसावर डोळा असतो, सगळं त्यांना पाठ. तुम्ही कधी बसणार, असं विचारलं की म्हणायचे, शेवटच्या पंगतीला. आणि शेवटच्या पंगतीला ते उष्टी पानं उचलत असायचे. आम्ही कौतुक करायचो, किती निरिच्छ माणूस. त्या शब्दाचा मला आता राग येतो. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि आम्ही त्याला मोठेपणा देऊन मोकळे झालो होतो.

अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, माघ वद्य षष्ठीला, त्यांच्या तिथीला ती गोष्ट घडली. श्राद्ध माझा धाकटा भाऊ गिरिधर करतो. तो वरच्या मजल्यावर राहतो, मी खाली, मधे अठरा पायऱ्या. श्राद्धाला गेलेल्या माणसाच्या जागी एक ब्राह्मण पानावर बसवतात. तो जेवला की आपला माणूस जेवला, असं आम्ही मानतो. त्याचे नियम कडक. मधे बोलायचं नाही, पानावरून उठायचं नाही, आणि खाल्लेलं पोटात राहिलंच पाहिजे. हल्ली असे बसणारे मिळत नाहीत. त्या दिवशी ठरलेल्या माणसाचा सकाळी फोन आला की ताप आहे. गिरिधरने काकांना विचारलं. अप्पांच्या नावाने बोलावल्यावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असणार. दोन गाड्या बदलून ते आवडीहून आले.

जेवण अर्ध्यावर आलं होतं. मी वडे घेऊन उभी होते. काकांची मान ताठ झाली होती, डोळ्यांत पाणी होतं, डावा हात छातीवर होता. त्यांनी हाताने नकोची खूण केली. मला वाटलं, भीड वाटतेय, म्हणून मी आणखी दोन वडे वाढले. मग सगळं बाहेर आलं, पानावरच. जसाच्या तसा भात, आंबट वासही नाही. हे मला तेव्हाच दिसलं होतं. जे जठरात पोचलंच नाही ते आंबत नाही, एवढं जीवशास्त्राच्या बाईला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, पोथी मिटली आणि सांगितलं की श्राद्ध मोडलं, आज सगळ्यांनी उपास करायचा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. काका मोरीपाशी तोंड पुसत उभे होते. माझी जीभ आधीच तिखट, त्यात सकाळपासून चुलीपुढे उभी. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुमच्यामुळें अप्पा दारीं येऊन उपाशी गेले."

त्यांनी टॉवेलची घडी घातली, दोरीवर ठेवली आणि स्टेशनकडे निघाले. त्यानंतर चार वर्षं ते कुणाच्याही कार्याला आले नाहीत. लोक विचारायचे, जयतीर्थ दिसत नाही. मी म्हणायचे, वय झालं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात महालक्ष्मीकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. काका बेचाळीस किलोंवर आले होते आणि काकूंना दुसरं कुणी आठवेना. मी आवडीला गेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं, तर काका भिंतीकडे तोंड करून उभ्याने जेवत होते. एक घास, त्यावर तांब्यातून वरून ओतलेलं पाणी, मग दोन्ही हात वर करून टाचा उचलायच्या आणि वाट पाहायची. उतरला तर पुढचा घास, नाही तर मोरी. बारा वर्षं हे असं चाललं होतं. निजताना पाठीशी तीन उशा, आणि खोकला कायमचा. चारचौघांत हे कसं करणार, म्हणून ते हातात बादली घेत. काकूंना त्यांनी शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही.

डॉक्टर कमी झाले नव्हते. एकाने पित्त म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या. दुसऱ्याने खोकला ऐकून सहा महिने क्षयाचं औषध दिलं. तिसऱ्याने, त्या श्राद्धाची हकीकत कळल्यावर, हे मनाचं आहे असं ठरवून झोपेच्या गोळ्या लिहिल्या. या सगळ्याची काकांनी तारीखवार फाईल ठेवली होती, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. तीस वर्षं लोकांच्या आजारपणाची सर्टिफिकेटं त्यांच्या टेबलावरून गेली होती. कागद नीट असला की माणसाचं काम होतं, यावर त्यांचा देवाइतका भरवसा होता.

मी त्यांना अण्णा नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पोटाची डॉक्टर शरण्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींहूनही लहान असेल. काकांनी फाईल पुढे सरकवली. तिने ती बाजूला ठेवली. इतक्या डॉक्टरांनी काय खाता, किती खाता हे विचारलं होतं. हिने शिपायाला कँटीनमधून इडली आणायला सांगितलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "फाईल नंतर बघते. आधी मला खाऊन दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जायला उठले. तेव्हा ते हळूच मला म्हणाले, "राहूं दे. तूं पाहिलेंच आहेस." मग ते त्या खोलीत उभे राहिले, पाणी ओतलं, हात वर केले, टाचा उचलल्या. मी खिडकीकडे तोंड केलं. मला बघवेना. डॉक्टरने एकच विचारलं, पाणीसुद्धा अडकतं का. काका म्हणाले, कधी कधी.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. पांढरं औषध पाजून फोटो काढला. अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली आणि खालचं टोक एकदम निमुळतं, धाग्याएवढं. दुर्बिणीने आत दुसरं काही वाढलेलं नाही ना ते पाहिलं. नाकातून बारीक नळी घालून, गिळताना आतला दाब मोजला. रोगाचं नाव अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या वर, एक झडप असते. गिळलं की ती उघडते. काकांची उघडत नव्हती, तिथल्या नसाच मेल्या होत्या. कशाने मेल्या, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. वर्षाला लाखात एखाद्याला होतो, म्हणून लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही, असं शरण्या म्हणाली.

मनाचं नाही ना, असं काकांनी तीनदा विचारलं. तिने तीनदा नाही सांगितलं. तेव्हा ते त्या फोटोसमोर बसून रडले. "मी समजत होतों, माझ्या कर्मांतच अन्न नाही," ते मला म्हणाले.

भाद्रपदात तोंडातून दुर्बीण घालून आतला आवळलेला स्नायू कापला. शरण्याने आधीच बजावलं होतं की ही सुटका आहे, बरं होणं नव्हे. नळी बारा वर्षांत सैल पडली आहे, ती पुन्हा घास ढकलणार नाही. घास आपल्या वजनाने खाली जाईल. बसून खायचं, बारीक चावायचं, वर पाणी प्यायचं, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि फुप्फुसं जपायची, कारण आडवं झाल्यावर वर आलेलं अन्नपाणी इतकी वर्षं तिथे झिरपत होतं.

दिवाळीच्या आधी काका-काकू माझ्याकडे जेवायला आले. मी मऊ सांबारभात केला. काका टेबलाशी बसले आणि चाळीस मिनिटं जेवले. एकदाही उठले नाहीत. ताट रिकामं झाल्यावर ते बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. मी पाठमोरी होऊन भांडी आवरत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला दाखवायचे नव्हते. माफी मागायची ती वेळ होती. मी विचारलं, ताक देऊ का.

त्यांच्या मनात भलतंच चाललं होतं. पुढच्या तपासणीला त्यांनी शरण्याकडे फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. कशासाठी, तिला कळेना. शेवटी तिने लिहून दिलं: जयतीर्थ राव, वय एकाहत्तर, यांच्यावर उपचार झाले आहेत. ते बसून, सावकाश, पूर्ण जेवण घेऊ शकतात. सोबत पुरेसं पाणी द्यावं. अन्न वर येणारच नाही अशी हमी देता येत नाही, पण शक्यता आता कमी आहे. शेवटचं वाक्य काढा म्हणून काकांनी पुष्कळ आर्जव केलं. ती बधली नाही. मग त्यांनी घरी येऊन वरच्या कोऱ्या जागेत आपल्या वळणदार कारकुनी अक्षरात विषय घातला, "श्राद्धाच्या पानावर बसण्यास योग्य", आणि पाकीट घेऊन मार्गशीर्षात माझ्याकडे आले.

"गिरीला दे," ते म्हणाले. "तो वाचून ठरवूं दे. अप्पांचें एक जेवण माझ्याकडून राहिलें आहे."

मी पाकीट कॉफीच्या डब्यात ठेवलं. अठरा पायऱ्या चढायच्या होत्या. आज चढेन, उद्या चढेन, असं करत पौष गेला. मी स्वतःला सांगत होते की गिरिधर ऐकणार नाही, चिडेल, एकदा श्राद्ध मोडलेल्या माणसाला कोण पुन्हा बसवतं. हे खरं कारण नव्हतं. तो कागद दाखवायचा म्हणजे मोरीपाशी मी काय बोलले होते ते पुन्हा निघणार, आणि ते वाक्य गिरिधरने तेव्हा ऐकलं होतं की नाही हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काकांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की गिरिधरने या वर्षी दुसऱ्याला सांगून ठेवलं आहे. धादांत खोटं. कुणीच मिळालं नव्हतं.

"सेरी, बरें," काका म्हणाले. "पुढल्या वर्षीं बसतों."

त्या माघात अप्पांच्या पानापुढे ब्राह्मण नव्हता. कुणी मिळालं नाही की दर्भाची गाठ करून तिलाच बसवतात, तसं केलं. मी त्या दर्भापुढे भात वाढला, वडे वाढले. कुणी नको म्हणालं नाही. पान तसंच उचलून गाईला घातलं.

चैत्रात काकांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटलात होते. शरण्या म्हणाली, चार-पाच वर्षं आधी आणलं असतं तर फुप्फुसं राहिली असती. मी मनात हिशेब केला. चार-पाच वर्षांपूर्वी ते आमच्या पानावर बसले होते आणि तो न आंबलेला भात माझ्यासमोर पडला होता. नवव्या दिवशी दुपारी ते गेले.

गेल्या महिन्यात पुन्हा अप्पांची तिथी जवळ आली. गिरिधर फोन करून करून थकला, कुणी तयार होईना. जिन्यात मला म्हणाला, काका असते तर. मी खाली गेले, डब्यातून पाकीट काढलं, अठरा पायऱ्या चढले आणि त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. पुन्हा वाचलं. मग तारखेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, मोरीपाशी बोललेलंसुद्धा.

"तें मी तेव्हांच ऐकलों, अक्का," तो म्हणाला. "हें दिली असतीस तर मी स्वतः आवडीला जाऊन त्यांना घेऊन आलों असतों."

त्याने कागद नीट घडी करून पाकिटात घातला. मग विचारलं, "गेल्या वर्षीं वर मी पानावर दर्भ ठेवलों, तेव्हां हें खालीं तुझ्या डब्यांत होतें?"

मी हो म्हणाले.