दोरीच्या टोकाला काय होतं

तिला सगळे काटकोनकाकू म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. कुणाच्या घरी गेली की बाई आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग घरातल्या माणसांकडे बघणार! फ्रेमच्या दुकानात सासऱ्यांनी तिच्या हाती पातं दिलं, तेव्हा एकच धडा दिला होता: आधी कड छाटून सरळ करायची, मग बाकीचं. तो तिने इमानेइतबारे पाळला. तिथेच घात झाला.

त्या दिवशी संग्रहालयाचे साहेब एक चित्र घेऊन आले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या बरोक काळातलं एचिंग, म्हणजे छापचित्र. "काकू, याच्या जोडीचं चित्र आमच्याकडे आहेच, तुम्हीच फ्रेम केलेलं. हेही त्याच मापात बसवा. बोटभर मोठं आहे, तेवढं छाटून टाका. परवा दालन उघडायचंय."

"पातं देऊ, आई?" सुनेने विचारलं.

"थांब गं."

काकूने भिंग काढलं. आधी दिसलं एक जुनाट झाड, वाऱ्याने पार वाकलेलं, पण मुळं घट्ट रोवून उभं. त्याच्या रेषा जाड, काळ्याभोर. त्यामागे नदी, आणि पलीकडचे डोंगर इतक्या बारीक रेघांचे की श्वास लागला तर पुसले जातील असं वाटावं. आभाळाला मात्र त्या पठ्ठ्याने हातच लावला नव्हता. नुसता कोरा कागद, तरी पाऊस येणार हे कळत होतं. आणि अगदी उजव्या कडेला, जिऱ्याएवढा एक म्हातारा गाठोडं घेऊन घराकडे निघालेला.

तिने कागद दिव्याखाली तिरपा धरला. चित्राभोवती चौकोनी खोलगट वळ उमटला होता. मेणाचा थर देऊन सुईने कोरलेला, अॅसिडने खाल्लेला तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर दाबला, त्याचा तो ठसा. चित्रकाराचं जग इथवर होतं, आणि वळाबाहेर कागद नखभरही नव्हता.

"कापणार नाही," ती म्हणाली.

साहेब हसले. "अहो, पहिलं किती झकास बसलंय! लोक तुमच्या फ्रेमचं कौतुक करतात."

हेच तर तिच्या जिव्हारी लागायचं. त्याच फ्रेमने दुकानाचं नाव झालं होतं. सव्वीस वर्षं ती ते कौतुक मुकाट्याने गिळत आली होती. आता गप्प बसलं तर हा म्हातारा केरात जाणार, आणि बोललं तर सव्वीस वर्षांची अब्रू. ती उठली, खालचा खण उघडला आणि दोन काचांमध्ये जपलेली कागदाची एक चिंचोळी पट्टी काढून साहेबांपुढे ठेवली.

"त्या पहिल्या चित्रातली बाई आठवते?"

"दोरी धरून उभी आहे ती? शाळेची मुलं पैजा लावतात, दोरीला काय बांधलं असेल म्हणून."

"बघा तर मग."

पट्टीवर एक शेळी होती. इवलीशी, हट्टी, चारही पाय रोवलेली, गळ्यात तुटकी दोरी.

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. "ही... कुणी कापली?"

"मी. वळाची रेघ बघून मला वाटलं, कागद दुमडून खराब झालाय. वळाच्या आतून कड सरळ केली आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत ही दिसली. सांगायची छाती झाली नाही." तिची नजर खाली गेली नाही. "तुम्ही दुसरीकडे काम द्या, मला वाईट वाटेल. पण या म्हाताऱ्याला माझ्या दुकानात पातं लागणार नाही."

सुनेने पातं गुपचूप खणात टाकलं.

"दोन्ही नव्याने करा," साहेब शेवटी म्हणाले. "मोठ्या मापात. शेळीसकट."

"आणि खाली पाटी लावा. कड कुणी कापली ते लिहा."

"अहो काकू, कशाला? नाव कसं लिहू तुमचं?"

"काटकोनकाकू लिहा," ती म्हणाली. "सगळ्यांना कळेल." आणि तिने म्हाताऱ्याचं माप घ्यायला लांब फूटपट्टी ओढली.