उम्म सालेहच्या गावी, धुक्यात

सौदीतल्या खमीस मुशैतहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. घाटात शिरलो आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला, गाडीचे दिवे लावावे लागले. मी तिथल्या इस्पितळात नर्स होते. माझ्या वॉर्डातली एक म्हातारी, उम्म सालेह (सालेहची आई), घरी जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "गावी ये. मुलीला आण." म्हणून सहा वर्षांच्या मुग्धाला घेऊन आम्ही निघालो होतो.

गाव म्हणजे वीसेक दगडी घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्याखाली दरी. कडेला कठडा नव्हता. उतरताच माझं लक्ष तिकडेच गेलं.

सालेह सुधीरला मजलिसमध्ये (पुरुषांच्या बैठकीत) घेऊन गेला. मला बायकांनी मागच्या दाराने आत नेलं. पुढ्यात अरीका आली, म्हणजे गरम रोटी कुस्करून वर तूप आणि मध. खाणं चाललं होतं तेवढ्यात दाराबाहेरून सुधीरची हाक आली.

"मुग्धाला पाठव गं, फोटो काढतो."

"ती तुझ्याजवळ नाही?"

तो अंगणाकडे वळून तिला हाका मारू लागला.

मी अनवाणीच बाहेर धावले. धुक्यात समोरची भिंतही दिसेना. उम्म सालेहने माझा अबाया (अंगभर काळा झगा) मागून धरला. "थांब! तू पडलीस तर पोरगी कुणाकडे येईल?"

आम्ही हाका मारत राहिलो, पण धुक्यात आवाज विरून जात होता. सालेह सुधीरला ओढतच मशिदीकडे घेऊन गेला. पांढऱ्या दाढीचे इमाम दारातच होते. सालेहने काय झालं ते सांगितलं. त्यांनी आत जाऊन कर्णा सुरू केला आणि माइक सरळ सुधीरच्या हातात दिला.

त्या दरीत मराठी घुमली. "मुग्धा, पप्पा बोलतोय. आहेस तिथेच बस. हलू नकोस. फक्त ओरड."

मी श्वास रोखून ऐकत होते. बऱ्याच वेळाने खालून बारीक आवाज आला. "पप्पा! आय अ‍ॅम हिअर!"

सालेह भिंत चाचपत दोन शेतं उतरला आणि तिला खांद्यावर घेऊन आला. शेळीच्या पिलामागे गेली होती. ती बसली होती तिथून कडा चार पावलांवर होता, हे त्याने सुधीरला हळूच सांगितलं. मला ते घरी आल्यावर कळलं.

त्या देशात आम्ही प्रत्येक गोष्टीला 'हे चालेल का?' असं विचारून जगत होतो. त्या दिवशी इमामांनी आमचं नावही विचारलं नाही. 'पुन्हा ये' असे उम्म सालेहने पुढे दोनदा निरोप पाठवले. दोन्ही वेळा मी ड्यूटीचं कारण सांगितलं. खरं कारण, त्या कड्याची भीती, तिला कळलं असावं. तिसरा निरोप आला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.